झाडपाल्यालाही माप हवे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करायला मी आज पहिल्यांदाच उभी राहत आहे. एरवी वर्धापनदिनाला माझी जागा म्हणजे आत शेगडीपाशी. दुधाची पातेली, पेले, वाट्या मोजून घेणे हे माझे काम, आणि ते मला येते. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत झाले. त्यामुळे चिटणीसबाईंनी जेव्हा माझे नाव पुढे केले, तेव्हा मी सरळ नाही म्हटले. तर त्या म्हणाल्या, "भजनाच्या दिवशी ओट्यावर बसून तुम्ही जे सगळ्यांना सांगता, तेच इथे उभे राहून सांगायचे. त्यात काय एवढे?" बसून बोलणे आणि उभे राहून बोलणे यांत किती अंतर आहे, ते मला आत्ता कळते आहे. तरी सांगते. चुकले तर सांभाळून घ्या.

विषय आहे, साखरेच्या आजारावरची झाडपाल्याची औषधे. हा विषय आपल्या सर्वांच्या घरचा आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशभर केलेली पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात आपल्या देशात मधुमेहाची माणसे दहा कोटींच्या वर आहेत असे निघाले. आणि जिथे मधुमेह आहे, तिथे कारल्याचा रस, मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड यांपैकी काहीतरी असतेच. ते करून देणाऱ्या आपण बायकाच. म्हणून त्यातले खरे किती आणि खोटे किती, हे आपल्याला ठाऊक हवे.

पहिल्या दोन रांगांतल्या बायकांना मी मघाशी एकेक पान आणि कागदाच्या पुडीत चिमूटभर साखर दिली आहे. ते पान गुडमारचे आहे. त्यालाच मधुनाशिनी म्हणतात. ते आता नीट चावा, जिभेवर सगळीकडे फिरवा आणि चोथा टाकून द्या. आता ती साखर जिभेवर ठेवा. काय लागते? वाळू! अगदी बरोबर. अर्धा तास, फार तर तासभर हे असेच राहील. घाबरू नका, मसाला दूध येईपर्यंत तुमची जीभ ताळ्यावर येईल.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. तुमच्या जिभेला साखर कळली नाही, तरी ती पोटात गेलीच. जीभ फसली, रक्त फसले नाही. हे एवढे वाक्य मला कोणी वेळेवर सांगितले असते, तर आमच्या घरी जे झाले ते झाले नसते. ते आता सांगते. ह्यांना विचारूनच सांगते आहे.

आमचे हे शिवणकाम करतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. २०१६ साली ह्यांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पथ्य सांगितले, रोज चालायला सांगितले. साखर बरी राहत होती. पण माझ्या मनाला चैन नव्हती. या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, त्यांनी आतडी जळतील, मूत्रपिंडे जातील, असे जो तो सांगे. २०२१ च्या दिवाळीनंतर आठवडी बाजारात एक माणूस बसू लागला. त्याच्यापुढे मुळ्या, साली, पानांचे ढीग असत. त्याने मला एक पूड दिली. महिन्याचे बाराशे रुपये. वर बजावले, "इंग्रजी गोळ्या आधी बंद करा, त्याशिवाय गुण यायचा नाही." आणखी एक खूण त्याने सांगितली. म्हणाला, "आठ दिवसांत चहाची गोडी कळेनाशी होईल. जिभेची गोडी गेली, की रक्तातली गेलीच समजा."

भगिनींनो, ह्यांनी ती पूड घेतली आणि वर चहा घेतला. चहा फिक्का लागला. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मी देवापुढे साखर ठेवली. गोळ्यांची पाकिटे मी माझ्या हाताने डाळीच्या डब्यामागे टाकली. हे म्हणत होते, "अगं, एकदा रक्त तपासून तर येऊ." मी म्हटले, "अहो, पैसे कशाला घालवायचे? जीभच सांगते आहे ना!" त्या पुडीत गुडमारचा पाला होता, आणि तो प्रत्येकाच्याच जिभेवर असा परिणाम करतो, हे मला नंतर कळले. ज्याला मधुमेह नाही, त्याचाही चहा फिक्का लागेल. आत्ता तुम्ही अनुभव घेतलातच.

सहा महिने असे गेले. ह्यांना तहान फार लागू लागली, रात्री तीन-चारदा उठावे लागे, अंगावरचे कपडे सैल झाले. मी म्हणे, उन्हाळा आहे. एके दिवशी रात्री ह्यांचे पाय चेपताना उजव्या पायाला हात लावला, तर पाय गरम आणि सुजलेला. खाली उजेड धरून पाहिले. अंगठ्याखाली तळव्यात मोडकी सुई रुतलेली. दुकानातली. किती दिवस ती तशी होती, देव जाणे. ह्यांना कळलीच नाही. साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, दुखणे कळत नाही, आणि जखम भरून येत नाही. सकाळी डॉक्टरांकडे गेलो. उपाशीपोटीची साखर २९० च्या वर. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी असते, ती साडेसहाच्या आत असावी, म्हणजे मधुमेह नाही. ह्यांची जवळजवळ बारा होती. पायाचे विष वर चढू नये म्हणून अंगठा काढावा लागला. शिवणयंत्राचे पायटे ज्या पायाने चालायचे, त्याच पायाचा.

मी रडत डॉक्टरांना सगळे सांगितले. वाटले, ते रागावतील. ते रागावले नाहीत. म्हणाले, "वहिनी, झाडपाल्यात काहीच नसते असे मी म्हणत नाही. पण तुम्ही मोजमाप सोडून दिलेत, ते चुकले." हे वाक्य माझ्या मनात घर करून बसले. मीठ, मोहन, तिखट मी डोळे मिटून बरोबर घालते, कारण चव घेऊन पाहते. मग औषध देताना मी पाहिले काय? काहीच नाही.

माझी भाची औषधे तयार करण्याचे शिक्षण घेते आहे. सुट्टीत आली की मी तिच्यापाशी बसू लागले. ती पुस्तकांतून वाचून सांगे आणि मी वहीत उतरवून घेई. ती वही आज बरोबर आणली आहे.

पहिली गोष्ट ही, की हा आजार आपल्या लोकांना फार जुन्या काळापासून माहीत आहे. लघवीला मुंग्या लागतात, हे लक्षण आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत आहे. सुश्रुताने तर याचे दोन प्रकार सांगितले, जन्मापासून येणारा आणि खाण्यापिण्याच्या अपथ्याने होणारा. पहिल्यात माणूस कृश असतो, दुसऱ्यात स्थूल. आजही डॉक्टर साधारण असेच दोन मोठे प्रकार करतात. तेव्हा आपल्या पूर्वजांना काही कळत नव्हते, असे मी मुळीच म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट ऐकून मी चाटच पडले. ज्या गोळीला मी इंग्रजी म्हणून डब्यामागे टाकले, तिचे नाव मेटफॉर्मिन. तुमच्यापैकी कितीजणींच्या घरी ती असेल! तिचे मूळ झाडपाल्यातच आहे. युरोपात गलेगा नावाची फिक्या जांभळ्या फुलांची एक वनस्पती होते. तिथे ती जुन्या काळापासून औषधी म्हणून वापरात होती. पण ती विषारीही. मेंढ्यांनी फार खाल्ली तर मरतात. तिच्यातल्या साखर उतरवणाऱ्या द्रव्याचा प्रयोग माणसांवर झाला, पण ते अंगाला बाधते म्हणून सोडून द्यावे लागले. त्याच्याच जातीचे, पण कमी त्रासाचे द्रव्य १९२२ साली आयर्लंडात प्रयोगशाळेत तयार झाले. ते मेटफॉर्मिन. पॅरिसच्या ज्याँ स्टर्न नावाच्या डॉक्टरांनी १९५७ साली ते रोग्यांना देऊन त्याचा गुण प्रसिद्ध केला. अमेरिकेत परवानगी मिळायला १९९४ साल उजाडले. म्हणजे पानापासून गोळीपर्यंत यायला एवढी वर्षे लागली. मधल्या काळात काय झाले? विष बाजूला काढले, गुण ठेवला आणि माप ठरवले. दळण निवडण्यासारखेच की नाही? खडे काढल्याशिवाय आपण गहू दळत नाही.

आता आपल्या घरातल्या औषधांकडे येते.

मेथ्या घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथ्यांवर पुष्कळ काम झाले. जेवणात मेथ्यांची पूड मिसळून दिली, तेव्हा रोग्यांची साखर उतरली. मेथ्या भिजल्या की बुळबुळीत होतात ना, तोच त्यांचा गुण. तो चिकट चोथा पोटात अन्नाभोवती बसतो आणि साखर रक्तात हळूहळू जाते. पण माप पाहा. तिथे दिलेली पूड रोज २५ ग्रॅमपासून १०० ग्रॅमपर्यंत होती. २५ ग्रॅम म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. आपण रात्री दहा दाणे भिजत घालतो आणि सकाळी नुसते पाणी पितो. त्या पाण्याने अपाय नाही, पण त्याच्या भरवशावर गोळी सोडणे म्हणजे छत्री घरी ठेवून रुमाल डोक्यावर घेऊन पावसात निघणे. जेवणात मेथ्या वाढवायच्या तर हळूहळू वाढवा, नाहीतर पोटात वारा धरतो, जुलाब होतात.

कारल्याचे नाव तर सगळ्यांच्या तोंडी. कारल्यात साखर उतरवणारी द्रव्ये आहेत, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. परंतु माणसांवर झालेले चार नीटस प्रयोग, एकंदर ४७९ रोग्यांचे, २०१२ साली एकत्र तपासले गेले, तेव्हा कारल्याने ठाम फायदा होतो असे सिद्ध झाले नाही. कारल्याची भाजी अवश्य खा. कडू कारले साखरेत घोळण्यापेक्षा कमी तेलात परतून खाल्लेले केव्हाही बरे. पण रसाची गोष्ट वेगळी आहे. आमच्या शेजारच्या काकूंनी पहाटे साखर उतरवण्याची गोळी घेतली, वर पेलाभर कारल्याचा रस घेतला आणि काही न खाता देवळात काकड आरतीला गेल्या. तिथे त्यांना दरदरून घाम सुटला, हातपाय कापू लागले, त्या भलतेच बोलू लागल्या. बायकांना वाटले, अंगात आले. मी साखरेचे पाणी पाजले, तेव्हा पंधरा मिनिटांत त्या शुद्धीवर आल्या. साखर अतोनात उतरली होती. साखर वाढणे वर्षानुवर्षे त्रास देते, पण एकदम उतरली तर तासाभरात जिवावर बेतते. म्हणून सांगते, घाम, कंप, घाबरे होणे ही लक्षणे दिसली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी साखर मोजा, कमीच असली तर पुन्हा द्या. मात्र माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका. तडक दवाखाना गाठा.

विजयसार, म्हणजे आपल्याकडचा बिबळा. त्याच्या लाकडाचे पेले जत्रेत मिळतात. रात्री त्यात पाणी ठेवायचे आणि सकाळी प्यायचे. या विजयसाराची परीक्षा वैद्यक संशोधन परिषदेने चार ठिकाणी केली. तिचा वृत्तांत १९९८ साली आला. ९७ रोग्यांपैकी ६७ जणांची साखर आटोक्यात आली. ऐकून बरे वाटते ना? मलाही वाटले. पण भाचीने पुढचे वाचून दाखवले. ते रोगी नव्यानेच आजार निघालेले होते. त्यांना रोज दोन ते चार ग्रॅम मोजून औषध दिले होते. दर वेळी रक्त तपासून माप वाढवले होते. आणि ज्यांना औषध दिले नाही अशांचा दुसरा गट शेजारी ठेवला नव्हता, त्यामुळे गुण किती औषधाचा आणि किती पथ्याचा, हे वेगळे काढता येत नाही. पेल्यात किती रस उतरला, हे पेला सांगत नाही.

जांभूळ. ब्राझील देशातही जांभळाची झाडे आहेत आणि तिथले लोकही मधुमेहावर त्याच्या पानांचा काढा पितात. तिथल्या डॉक्टरांनी काढा आणि साधा चहा अशी तुलना करून पाहिली. काढ्याने साखर उतरली नाही. बियांची गोष्ट पानांहून वेगळी असू शकते, हे खरे. पण तात्पर्य असे, की झाडाचे नाव एक असले तरी पान, बी, साल यांचा गुण एक नसतो.

गुडमारवर चेन्नईला काम झाले आहे. १९९० साली त्याचा वृत्तांत छापून आला. २२ रोग्यांना त्यांच्या गोळ्या चालू ठेवून रोज ४०० मिलिग्रॅम गुडमारचा अर्क दीड वर्षाहून जास्त काळ दिला. पुष्कळांच्या गोळ्या कमी झाल्या आणि पाचजणांच्या बंदही करता आल्या. हे वाचले तेव्हा मला रडू आले. कारण माझ्याच औषधात गुण असेलही, पण ती माणसे गोळ्या टाकून देऊन सुरुवात करत नव्हती. आधी रक्तात उतार दिसला, मग गोळी कमी झाली. मी आधी गोळी टाकली आणि उतार जिभेवर पाहिला.

आता सदाफुली. आपल्या प्रत्येकीच्या अंगणात ती आहे आणि सकाळी तिची फुले-पाने चावणाऱ्या इथेही असतील. तिची गोष्ट फार नवलाची आहे. १९५२ साली जमैका बेटावरून कॅनडातल्या एका डॉक्टरांकडे पाकिटातून सदाफुलीची पाने आली. तिकडचे लोक ती मधुमेहावर घेत. त्यांचे भाऊ रॉबर्ट नोबल संशोधक होते. त्यांनी उंदरांवर प्रयोग केला. साखरेवर काही परिणाम दिसेना. पण पानांचा अर्क टोचला, तेव्हा उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर घटल्या. त्या धाग्यावरून पुढे १९५८ साली कर्करोगावरचे औषध हाती आले. सदाफुलीच्या औषधांनी रक्ताच्या कर्करोगाची कितीतरी मुले वाचली आहेत. केवढा गुण! पण म्हणूनच विचार करा, जे द्रव्य कर्करोगाला मारते, ते आपण मूठभर पानांतून, मोजल्यावाचून, देवपूजेच्या आधी चावायचे का? माझ्या अंगणातली सदाफुली आता फक्त देवाला.

कुंडीतल्या इन्शुलिनच्या झाडाचेही विचारतात. त्या झाडात इन्शुलिन नसते. आणि असते तरी काय? इन्शुलिन तोंडावाटे घेतले तर पोटात पचून जाते, म्हणून तर सुई टोचावी लागते. लहान मुलांना जो मधुमेह होतो, त्यात शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही. त्या मुलांचे इन्शुलिन कोणत्याही पाल्यासाठी एक दिवसही थांबवू नका. ते त्यांच्या जिवाशी खेळणे होईल.

शेवटचे दुधी भोपळ्याचे, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचे. दुधीचा रस औषध म्हणून पिणारे पुष्कळ आहेत. एखादा दुधी कडू निघतो. त्या कडूपणात विष असते. कडू रस पिऊन रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावली आहेत. वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीने याचा तपास केला आणि तिचा अहवाल २०१२ साली छापला. तिचे सांगणे साधे आहे. चिरताना एक लहानसा तुकडा जिभेला लावून पाहा, कडू असेल तर दुधी फेकून द्या, दुसऱ्या कशाचा रस त्यात मिसळू नका. कारण कारल्याच्या रसात मिसळला की दुधीचा कडूपणा कळतच नाही. औषध म्हटले की ते कडूच असणार, असे आपण धरून चालतो आणि डोळे मिटून पितो. इथे मात्र कडू म्हणजे धोका. रस प्यायल्यावर उलटी झाली, पोटात कळ आली, तर वाट न पाहता दवाखान्यात जा.

भगिनींनो, पुड्या विकणाऱ्यांबद्दलही दोन शब्द सांगते. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. हे मला ठाऊक नव्हते. शिवाय वनौषधी म्हणून विकलेल्या पुडीत इंग्रजी गोळ्यांची भुकटी गुपचूप मिसळल्याची प्रकरणे निरनिराळ्या देशांत उघडकीस आली आहेत. म्हणजे ज्या गोळीला भिऊन आपण पळालो, तीच गोळी, मापावाचून, जास्त पैसे देऊन खाण्याची पाळी. शिकलेला, नोंदणी झालेला वैद्य असे करत नाही. तो आधी रक्ताचे कागद मागतो, चालू गोळ्या विचारतो. जो म्हणतो, "तपासणी नको, गोळ्या फेका," त्याच्याकडून उठून यावे.

आमच्या घरी आता चार नियम आहेत. ते मी ओट्याच्या वर चिकटवून ठेवले आहेत, ते वाचून दाखवते.

एक, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही की कमी करायची नाही.

दोन, पाला, पूड, काढा, रस, काहीही घेत असलो तर ते डॉक्टरांना सांगायचे. लाजायचे नाही. न सांगितल्याने ते गोळी वाढवतात आणि मग काकूंसारखी पाळी येते. गरोदर बाईवर तर असले प्रयोग करायचेच नाहीत.

तीन, गुण आला की नाही हे जिभेने, अंगाच्या हलकेपणाने किंवा शेजारणीच्या सांगण्याने ठरवायचे नाही. उपाशीपोटीची, जेवणानंतर दोन तासांची आणि तीन महिन्यांची, या तपासण्यांनी ठरवायचे.

चार, रोज रात्री पाय धुऊन, पुसून, तळव्याला उजेड धरून पाहायचे. हे काम माझे.

भाजी, उसळी, हातसडीचे थोडके धान्य, जेवणानंतर चालणे, हे सर्व चालू आहे. मेथ्याही चालू आहेत, डॉक्टरांना सांगून. ह्यांची तीन महिन्यांची तपासणी परवा सातच्या आत आली. हे डाव्या पायाने यंत्र चालवायला शिकले. सुया मोजून डबीत ठेवतात, संध्याकाळी मोजून काढतात. आज इथे येताना मी विचारले, "सगळे सांगू ना?" तर म्हणाले, "सांग. पण सुई माझ्याच दुकानातली होती, हेही सांग. सगळा दोष एकटीने घेऊ नकोस." तेही सांगितले.

आता मंडळाला एक विनंती करते आणि संपवते. रक्तातली साखर मोजण्याचे लहान यंत्र मिळते. मंडळाने ते एक घ्यावे. महिन्यातून एका मंगळवारी भजनाच्या आधी ज्यांना हवे त्यांची साखर मोजावी, आणि प्रत्येकीसाठी सुई नवी घ्यावी. मोजून वहीत लिहून ठेवावी. ज्यांची जास्त येईल, त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जायला सोबत लागली तर मी येईन. पहिल्या पट्ट्यांच्या डबीचे पैसे मी पापडांच्या पैशांतून बाजूला ठेवले आहेत, ते आज चिटणीसबाईंच्या हाती देते.

पहिल्या रांगेतल्या बायकांनो, आता पुडीतली राहिलेली साखर जिभेवर ठेवून पाहा. गोड लागू लागली असेल. नसेल लागली तर थोडे थांबा. दूध आत तयार आहे. यंदा मी दोन पातेली ठेवली आहेत. पितळेचे साखरेचे आणि स्टीलचे बिनसाखरेचे. ज्याने त्याने आपले पातेले ओळखून घ्यावे.